हातात द्या

संत्रं माझ्या मायच्या तोंडावर आदळलं आणि सगळा मठ हसला.

गुरुवार होता. सक्करदऱ्याच्या तळ्याच्या बाजूला महाराजांचा मठ होता. महाराज उंच चौथऱ्यावर बसलेले, आम्ही खाली निंबाच्या झाडाखाली उभे. माय, बाप आणि मी. मायनं दोन्ही हातांनी पदर पसरला होता. त्या दिवशी मठाच्या कॅलेंडरसाठी फोटोवाला आणला होता. महाराजांनी संत्रं घेऊन हात मागे नेला, आणि नेमका तेव्हाच फोटोवाला ओरडला, "अम्मा, इधर देखो!" मायनं तिकडे मान वळवली. त्यानं फोटो काढला. संत्रं आलं ते थेट तिच्या ओठावर.

ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून पदरात पडायला लागलं. महाराज म्हणाले, "हिला तोंडातच पाहिजे होतं. दिलं."

आणि हसले. महाराज हसले म्हणजे सगळ्यांनी हसायचं. काटोलचे शेठ हसले. शेठाणी हसली. टोपलं धरून उभा असलेला तरुण वकील हसला. माझा बापही हसला. मायनं मातीतलं संत्रं उचललं, कपाळाला लावलं आणि तीसुद्धा हसली. तिचे दात लाल झाले होते.

घरी येताना ती म्हणाली, "महाराजानं आपल्या हातानं फोडलं. पाप गेलं."

तो फोटो नंतर नागपुरात घरोघरी लागला. त्यात माय पदर पसरून उभी आहे, संत्रं हवेत आहे आणि महाराज हसताहेत. खाली लिहिलं होतं, 'महाराज स्वहस्ते सर्वांना प्रसाद देताना.' फोटोत रक्त नाही. रक्त यायला अजून क्षणभर वेळ होता.

आम्ही मांग. बाप दोर वळायचा आणि मठात डफडं वाजवायचा. महाराजांची पालखी निघाली की पुढे बाप. पलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी देव सोडले होते, ते बौद्ध झाले होते. त्यांनी बापाला पुष्कळ समजावलं. बाप म्हणायचा, "तुमाले कोणी जवळ केलं नाही म्हणून तुमी गेले. आमाले महाराजानं जवळ केलं."

जवळ म्हणजे किती जवळ, ते सांगते. मठात प्रसाद म्हणून संत्रं मिळायचं. काटोलचे शेठ आपल्या बगीच्यातली टोपलीच्या टोपली आणून ओतायचे. भक्त एकेक करून चौथऱ्याच्या पायऱ्या चढायचे, महाराज त्यांच्या हातावर संत्रं ठेवायचे. सगळे झाले की आमची पाळी. आम्ही पायऱ्या चढायच्या नाहीत. आम्ही निंबाखाली पदर पसरायचा, महाराज वरून फेकायचे, आम्ही झेलायचं.

याला मठात नावही होतं. झेल. वकील सगळ्यांना समजावून सांगायचा, की हातात घेतलं तर ते नुसतं फळ, झेललं तर ती कृपा. महाराजांच्या हातून सुटून पदरात पडेपर्यंत पाप जळतं म्हणे. झेल सुटली तर मात्र अपशकुन. त्या दिवशी घरात चूल नाही.

आम्हाला ते खरं वाटायचं. नुसतं खरं नाही, आम्हाला त्याचा गर्व होता. शेठाणीला नुसतं फळ मिळतं आणि आम्हाला कृपा मिळते, असं माय वस्तीत सांगत फिरायची. बाप घरी आमच्याकडून सराव करून घ्यायचा. अंगणाच्या टोकाला उभा राहून आलू फेकायचा. उंच, वाकडा, अचानक. मी झेलायची. माझ्या हातून कधी सुटला नाही. बाप म्हणायचा, "पोट्टी महाराजाची लाडकी होते पाहा." आपल्याला फेकून देतात ते नीट झेलता यावं म्हणून एक बाप पोरीला तयार करत होता. आज ते आठवलं की बापाचा राग येत नाही. ज्यांनी त्याला ते शिकवलं त्यांचा येतो.

शाळेत माझ्या बाजूला विमल बसायची, त्या पलीकडच्या वस्तीतली. मायचा ओठ फाटल्याचं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पाप गेलं वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुमाले हातात काहून नाही देत वं?"

मी वकिलाचं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. नुसतं फळ आणि कृपा.

विमल म्हणाली, "मंग शेठच्या पोरीवर फेकून दाखव म्हणा. तिले नाही पाहिजे काय कृपा?"

तिनं आणखी काही सांगितलं नाही. तेवढं पुरलं. मला त्या दिवशी गणिताचा तास कळला नाही, कवितेचा कळला नाही. मायच्या सुजलेल्या ओठाकडे रात्री पाहिलं आणि पहिल्यांदा तो ओठ मला ओठासारखा दिसला, कृपेसारखा नाही.

पुढच्या गुरुवारी मी नीट बघत उभी राहिले. शेठची पोरगी माझ्याच वयाची होती. महाराजांनी तिच्या हातावर संत्रं ठेवलं, बोटं तिच्या बोटांना लागली, वरून तिच्या डोक्यावर हात फिरवला. मग आमची पाळी आली. मी निंबाखालून निघाले आणि पायऱ्या चढले. मागून माय म्हणाली, "अवं, कुठी चालली?" मी थांबले नाही. महाराजांसमोर उभी राहिले आणि तळहात पुढे केला.

"हातात द्या."

वकील टोपल्यासकट मागे सरकला, माझा परकर त्याला लागू नये म्हणून. "खाली हो," तो म्हणाला. मी पुन्हा म्हटलं, "हातात द्या."

महाराज रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. गोड हसले. माझ्या डोक्यावरून पलीकडे बापाकडे बघून म्हणाले, "पोरीला शाळेची हवा लागली रे. डफडं वाजव."

आणि बापानं डफडं वाजवलं. जीव खाऊन वाजवलं. मी तिसऱ्यांदा म्हटलं, हातात द्या, पण माझा आवाज माझ्याच कानांना ऐकू आला नाही. महाराजांनी माझं बोलणं माझ्या बापाच्याच हातानं बुडवलं. हा महाराजांचा खरा चमत्कार. रोग बरे केले, पाऊस पाडला, ते सगळं मला माहीत नाही. हा मी डोळ्यांनी पाहिला.

मी खाली आले. निंबाखाली वळून उभी राहिले, आणि वरून संत्रं आलं. सरळ, सोपी झेल. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. संत्रं छातीवर आपटलं, खाली पडलं, मातीत गडगडलं. माय उचलायला वाकली. तिचा हात पोचायच्या आधी मी त्यावर पाय ठेवला आणि दाबला. रस माझ्या बोटांमधून वर आला.

घरी बापानं डफड्याच्या काडीनं मला फोडून काढलं. मी रडले नाही असं लिहिणार नाही. खूप रडले. पण त्यानंतर मठात पाऊल टाकलं नाही.

बाप शेवटपर्यंत जात राहिला. मेला तेव्हा मठातून कोणी आलं नाही. डफडं तेवढं मठाचं आहे म्हणून एक माणूस येऊन घेऊन गेला.

मी शिकले. पोस्टात कौंटरवर लागले. लोक पाठीमागे सरकारचे जावई म्हणतात, समोर तिकिटं मागतात. बाटलीतला गोंद वाळलेला असतो, म्हणून मी माझ्या बोटांनी फाडून दिलेली तिकिटं जिभेला लावून पाकिटावर चिकटवतात. कौंटरच्या आतून ते बघताना मला जे सुख होतं ते कुठल्या महाराजाच्या पायाशी मिळणार नाही.

दरम्यान मठात फाटाफूट झाली. महाराजांनी म्हातारपणी स्वतःला अवतार जाहीर केलं आणि गादी पुतण्याला दिली. वर्षानुवर्षं टोपली वाहणारे जुने भक्त चिडले आणि बाहेर पडले. मग महाराज वारले. पुतण्याचा मठ पुतण्याकडे राहिला, आणि बाहेर पडलेल्यांनी ठरवलं की खऱ्या महाराजांची आठवण म्हणून आपण वेगळं सभागृह बांधायचं.

हे मला कळलं ते असं. एकदा वकीलसाहेब एक पत्र रजिस्टर करायला पोस्टात आले. केस पिकलेले, चष्मा जाड. मला निरखून बघत भर रांगेत मोठ्यानं म्हणाले, "तू त्या वाजंत्र्याची मुलगी ना? महाराजांच्या झेलीतली?" रांग माझ्याकडे बघायला लागली. ते म्हणाले, "रविवारी घरी ये. तुझं काम आहे."

मी गेले. काय काम आहे ते मला बघायचंच होतं.

धरमपेठेत त्यांचा बंगला. दिवाणखान्यात जुने भक्त बसलेले. बोलत होते तिघंच. वकीलसाहेब, काटोलचे शेठ, आणि कॉलेजात शिकवणारे एक प्रोफेसर, जे मठात माझ्यानंतर आले आणि सगळ्यांत आधी बाहेर पडले. भिंतीवर तो फोटो. मोठा करून, फ्रेम लावून. माझी माय पदर पसरून उभी.

वाद चालू होता. प्रोफेसर म्हणत होते, "अवतार वगैरे शुद्ध भोंदूपणा होता. आपण फसलो हे कबूल करा."

शेठ म्हणाले, "फसलो कायले? माह्या पोराचा ताप त्यायनंच उतरवला. पुतण्या आला अन् मठ नासला. महाराज सोनं होते गा."

मेल्या म्हशीला मणभर दूध. मी ऐकत बसले. हा म्हणे देव, तो म्हणे भोंदू. कोणाचा किती अपमान झाला, कोणाची खुर्ची पुतण्यानं मागे टाकली, याचं दुःख प्रत्येकजण उगाळत होता. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "मतभेद राहू द्या. एका गोष्टीवर तर आपण सगळे एक आहोत. महाराजांनी जात मोडली." प्रोफेसरांनीही मान हलवली. "ते मात्र खरं. त्या काळात मांगांना स्वतःच्या हातानं प्रसाद देणं साधी गोष्ट नव्हती."

वकीलसाहेबांनी फोटोकडे बोट केलं. हा फोटो सभागृहाच्या दारातच लागणार होता. पुण्यतिथीला उद्घाटन. आणि मी चार शब्द बोलायचे. महाराजांनी आम्हाला कसं जवळ केलं, ते.

मी विचारलं, "या फोटोनंतर काय झालं, ते आठवतं कोणाला?"

शेठ आठवू लागले. खरंच आठवू लागले, डोकं खाजवून. "जेवण झालं असंल," ते म्हणाले.

तेवढ्यात नोकरानं टोपलं आणलं. शेठच्याच बगीच्यातली संत्री, हंगामातली पहिली. शेठ स्वतः उठले आणि वाटायला लागले. वकिलाच्या हातात एक. प्रोफेसरांच्या हातात एक. बाकीच्यांच्या हातात. मी दाराजवळच्या खुर्चीवर होते. शेठ मध्येच थांबले, संत्रं घेतलं आणि तिथूनच माझ्याकडे फेकलं. "घे पोरी."

आणि मी झेललं.

माझे हात मला न विचारता वर गेले. सरकारी नोकरी, भांडून मिळवलेली ताठ मान, सगळं बाजूला राहिलं आणि अंगणात आलू झेलणारे ते हात वर गेले. संत्रं माझ्या ओंजळीत होतं. सगळे कौतुकानं हसले. "अजून सुटत नाही हं," वकीलसाहेब म्हणाले. शेठच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्यांना कळलंही नाही आपण काय केलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि दोर आमच्याच घरी वळले जायचे, पीळ मला ओळखू येतो. पण अर्धा पीळ माझ्या हातात निघाला, त्याची मला जी चीड आली ती शब्दांत सांगता येत नाही.

मी उठले. संत्रं परत टोपल्यात ठेवलं. शेठसमोर उभी राहिले आणि तळहात पुढे केला.

"आता हातात द्या."

शेठ हसले. "अवं, लेकीसारखी हाय तू, म्हणून फेकलं."

"लेकीवर फेकता?"

वकीलसाहेब म्हणाले, "अहो बाई, विषय काय चाललाय आणि तुम्ही काय धरून बसलात?" मी हात मागे घेतला नाही. इथं डफडं वाजवायला माझा बाप नव्हता. शेवटी शेठनं एक संत्रं उचललं. दोन बोटांत, देठाजवळ धरून. माझ्या तळहाताच्या वीतभर वर आणलं आणि सोडून दिलं.

वीतभर वरून. जात मोडलेल्यांच्या दिवाणखान्यात.

मी प्रोफेसरांकडे बघितलं. त्यांनी पाहिलं होतं. मान खाली घालून ते स्वतःचं संत्रं सोलत बसले.

मी भिंतीवरचा फोटो काढला आणि काखेत मारला. वकीलसाहेब उठून उभे राहिले. "ती फ्रेम आमच्या मंडळाची आहे."

"आई माझी आहे," मी म्हटलं आणि निघाले.

घरी मायसमोर फोटो ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. वरच्या ओठावरचा तो वण तिच्या बोलण्यासोबत हलतो, मी लहानपणापासून बघते आहे. मी तिला शेठचं सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे. ती म्हणाली, "मले माहीत होतं वं. हात लावत नाही म्हणून फेकते, हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मी म्हटलं, "मंग सांगतलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? तुह्या बापाजवळ तेवढा एकच देव होता."

इतकी वर्षं मी तिला भोळी समजत होते. ती भोळी नव्हती. ती नवऱ्याचा देव सांभाळत होती, फाटक्या ओठानं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. त्या क्षणी मला महाराज जिवंत असायला हवे होते असं वाटलं. क्षमा करायला नाही.

पुण्यतिथीला सभागृहाचं उद्घाटन झालं. फोटोची दुसरी प्रत काढून त्यांनी दारात लावलीच, आणखी मोठी. मी निघाले तशी माय म्हणाली, "मलेही ने."

सभागृहाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला मी तिला स्टुलावर बसवलं. मांडीवर फ्रेम. आत जाणारा प्रत्येकजण थबकत होता, कारण बाहेर बसलेली म्हातारी आणि आत भिंतीवर लावलेली बाई एकच होती. माय प्रत्येकाला तेच सांगत होती. "हा फोटो माहा हाय. आमाले हातात नव्हते देत, फेकत होते. याच्या नंतर हे झालं." आणि बोट ओठावर ठेवायची. काही जण काढलेली चप्पल पुन्हा घालून तिथूनच परत गेले. एक म्हातारा मायच्या पाया पडला, तिनं पाय मागे घेतले. वकिलानं पोलीस शिपाई बोलावून पाठवला. शिपायानं मायचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, म्हणाला, रस्ता सरकारचा आहे, बसू द्या.

तेव्हापासून आम्ही गुरुवारी जातो. पोस्ट सुटलं की घरी येऊन मायला घेते आणि फाटकाशी बसते. सभागृहातली गर्दी ओसरत चालली आहे. प्रोफेसर यायचे बंद झाले, मात्र आमच्या बाजूला येऊन कधी उभे राहिले नाहीत. शेठ मागच्या दारानं आत जातात. मला याचा आनंद होतो, तो मी लपवत नाही. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाशी कसलं वैर? मेलेला माणूस भिंतीवर माझ्या मायकडे बघून अजून हसतो आहे. जोवर हसतो तोवर वैर आहे.

परवा वकीलसाहेब कौंटरवर आले. या वेळी आवाज हळू होता.

"आई म्हातारी आहे, बाई. तिला रस्त्यावर कशाला बसवता? झालं गेलं विसरा. काळच तसा होता."

"काळानं नाही फेकलं. महाराजांनी फेकलं. टोपलं तुमच्या हातात होतं."

"तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"फोटो उतरवा. नाहीतर खाली खरं लिहा. महाराज मांगांना हात लावत नव्हते, एवढंच."

"लोक काय म्हणतील?"

"ते माय सांगतेच आहे लोकांना."

त्यांनी पाकिटासाठी तिकीट मागितलं. मी फाडलं. त्यांनी कौंटरच्या लाकडावर बोट टेकवलं. "इथं ठेवा."

"हात पुढे करा," मी म्हटलं.

"ठेवा ना इथं."

"हात पुढे करा. मी फेकत नाही."

मागे रांग उभी होती, आणि रांग ऐकत होती. त्यांनी हात पुढे केला. मी तिकीट त्यांच्या तळहातावर ठेवलं, त्यावर माझा तळहात ठेवला आणि दाबून धरला. त्यांनी हात ओढून पाहिला. मी सोडला नाही. मला सोडायचा होता तेव्हा सोडला.

"गुरुवारी येतो आम्ही," मी म्हटलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.